पार्वतीबाईंची झोळी

कोणतेही सार्वजनिक काम म्हटले की त्याला पैसा हा लागतोच, आणि तो कोणीतरी दारोदार जाऊन मागावा लागतो. मंडळात गाण्याला, नाटुकल्याला, हळदीकुंकवाला पुढे होणाऱ्या भगिनी पुष्कळ. पण वर्गणीचे पावतीपुस्तक पुढे आले की आपण एकमेकींच्या तोंडाकडे पाहतो. मागणे म्हणजे कमीपणा, असे आपल्या मनाने घेतलेले असते. म्हणून कै. पार्वतीबाई आठवले यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे मी योजिले आहे. वर्गणी मागणे हेच त्यांनी आपल्या आयुष्याचे काम मानले.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० साली कोकणात देवरूख येथे झाला. अकराव्या वर्षी लग्न आणि विसाव्या वर्षी वैधव्य. पदरी एक लहान मुलगा. त्या काळच्या रूढीप्रमाणे केशवपन झाले. त्यांची वडील बहीण गोदूबाई हीही बालविधवा. ती पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकली आणि १८९३ साली प्रो. धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याबद्दल कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापली, आणि १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. तोच भाग आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. पार्वतीबाईंनी पंचविशी उलटल्यावर शिक्षणाला हात घातला, आणि पुनर्विवाहाची वाट न धरता आश्रमाच्या कामाला वाहून घेतले.

आश्रमाचा सारा खर्च लोकांनी दिलेल्या पैशावर चालायचा. पण लोकमत तर विरुद्ध! विधवांनी शिकावे हेच ज्यांना पटत नव्हते, त्यांच्याच दारी जाऊन त्यासाठी पैसे मागायचे होते. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि हिंगण्याहून रोज पायी जात-येत. हा मनुष्य स्वतः काय सोसतो आहे, हे पुणेकर डोळ्यांनी पाहात होते. गोदूबाईही आपल्या परीने वर्गणी गोळा करीत. पार्वतीबाई तर गावोगाव हिंडल्या. सभेत उभे राहून बोलल्या, घराघरांत बायकांपुढे बसून बोलल्या.

त्यांचे शब्द लोक ऐकत, याचे कारण मला असे वाटते की, विधवेचे दुःख त्यांना पुस्तकात वाचून कळले नव्हते. ते त्यांच्या अंगावर होते. शिक्षणाने बाई उभी राहते याचा पुरावाही त्या स्वतःच होत्या. असा पुरावा समोर असला म्हणजे मोठे वक्तृत्व लागत नाही.

१९१२ साली त्यांनी केशवपन सोडले. आज आपल्याला ही गोष्ट लहान वाटेल. पण ज्या घरांतून वर्गणी मिळवायची, त्यांतली कित्येक घरे जुन्या वळणाची. लोक रागावले तर झोळी रिकामी राहायची. तरीही, जे मनाला पटले ते आचरणात आणायचे, हा त्यांचा बाणा होता. देणाऱ्याला खूश ठेवण्यासाठी मनाविरुद्ध वागायचे नाही, ही मागणाऱ्याला सर्वांत कठीण जाणारी गोष्ट आहे.

१९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी धड येत नव्हते; ते शिकावे आणि स्त्रीशिक्षणाला मदत मिळवावी हा हेतु. तेथे स्वतःच्या पोटासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले. मागायचे ते संस्थेसाठी, स्वतःचे पोट स्वतःच्या कष्टावर! १९२० साली त्या परत आल्या. हे सारे त्यांनी ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात लिहिले आहे. ते १९२८ साली प्रसिद्ध झाले.

त्याच १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली, आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला मिळाले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण एवढी मोठी रक्कम येण्याआधी चोवीस वर्षे हे काम रुपया-रुपयाच्या वर्गणीवर जगले होते. थेंबे थेंबे तळे साचले, म्हणून त्यात मोठी सर येऊन पडली. झोळी घेऊन हिंडणारी माणसे नसती, तर ठाकरसींनी देणगी द्यायची ती कशाला? आणि एवढे मिळाल्यावरही कर्वे स्वस्थ बसले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर ते परदेशांत मदत मागत हिंडले, आणि १९३६ साली खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी पुन्हा वर्गणीला निघाले.

भगिनींनो, यातून आपण काय घ्यावे? ज्या कामासाठी मागायचे त्यात आधी आपण स्वतः घाम गाळलेला असावा. पैशापैशाचा हिशेब चोख असावा. नकार मिळाला तर राग धरू नये, आणि नाणे लहान म्हणून देणाऱ्याला कमी लेखू नये. एवढे सांभाळले तर पावतीपुस्तक घेऊन कोणाच्याही दारात ताठ मानेने उभे राहता येते. आपल्या मंडळाच्या पुढील वर्षाच्या कामाला जेव्हा आपण बाहेर पडू, तेव्हा पार्वतीबाईंची आठवण प्रत्येकीने मनात बाळगावी, एवढीच माझी विनंती.