मधमाशीचे घर न मोडता



ईस्टरच्या जागरण विधीत अंधाऱ्या चर्चमध्ये पास्का मेणबत्ती आत येते, तेव्हा आपण सारे ज्योतीकडे पाहतो. मेणाकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. पण त्या रात्री गायल्या जाणाऱ्या पास्का घोषणेच्या लॅटिन पाठात मधमाश्यांच्या श्रमाची आवर्जून आठवण केली आहे, कारण शतकानुशतके ही मेणबत्ती त्यांच्याच मेणाची असे. कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून हे मेण पापुद्र्यांसारखे पाझरते. एक किलो मेणासाठी माश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो.

हे आम्हा स्वयंसेवकांना ठाऊक नव्हते, तेव्हाची एक गोष्ट कबूल करायला हवी. सिकंदराबाद हे १८०६ साली छावणी म्हणून वसलेले गाव. इथले १८१३ सालचे जुने चर्च रानमध खाणाऱ्या संत योहान बाप्तिस्त यांच्या नावाचे आहे. अशा या गावात, काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या घंटेच्या मनोऱ्याला आग्या मोहोळ लागले होते. पवित्र सप्ताह तोंडावर आला होता, लोकांना भीती वाटत होती. आम्ही माणूस बोलावला आणि रात्री टेंभा लावून ते जाळवले. पहाटे पायऱ्यांवर पंख करपलेल्या माश्या आणि पोळ्यातल्या पांढऱ्या अळ्या पडल्या होत्या. आम्ही त्या केरसुणीने लोटून बादलीत भरल्या आणि त्याच हातांनी वेदीची फुले लावायला गेलो.

मन खात राहिले, म्हणून आम्ही या विषयावर वाचू लागलो. तेव्हा कळले की मध हवा तर घर मोडायचे, हीच बहुतेक ठिकाणची जुनी रीत होती. युरोपात गवताच्या विणलेल्या टोपल्यांत माश्या पाळत आणि मध काढताना अनेकदा खाली गंधक जाळून सबंध वसाहत मारत. आपल्याकडे धूर करून पोळे तोडत आणि हाताने पिळत. मधाबरोबर पराग आणि अळ्याही पिळल्या जात.

ही रीत बदलण्यात एका पाळकाचा मोठा वाटा आहे. लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ हे अमेरिकेतले धर्मोपदेशक. त्यांना वारंवार खोल नैराश्य येई आणि त्यापायी काम सोडावे लागे. माश्यांच्या सहवासात ते रमत. १८५१ साली त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पेटीच्या आत सुमारे ९ मिलिमीटरची फट ठेवली, तर माश्या ती मेणाने भरत नाहीत आणि डिंकानेही बुजवत नाहीत. ती त्यांची ये-जा करायची वाट असते. मग सुट्या चौकटी एकेक करून उचलता येतात, मध काढून परत ठेवता येतात आणि अळ्यांना धक्का लागत नाही. १८५२ साली त्यांना या पेटीचे पेटंट मिळाले, पण लोकांनी सर्रास नकला केल्या आणि त्यांच्या हाती पैसा फारसा आला नाही. १८९५ साली डेटन येथे उपदेशाला सुरुवात करताच त्यांनी देह ठेवला.

आपली सातेरी माशी परदेशी माशीपेक्षा लहान आणि तिची वसाहतही छोटी. तिला ती पेटी मोठी पडे. तिरुचिरापल्लीचे फादर न्यूटन यांनी सातेरीच्या मापाची लहान पेटी तयार केली आणि १९११ ते १९१७ या काळात दक्षिणेतल्या अनेक गावकऱ्यांना मधपालन शिकवले. ती पेटी आजही न्यूटन पेटी म्हणून ओळखली जाते. पुढे १९४६ च्या सुमारास महाबळेश्वरला ग्रामोद्योग म्हणून हे काम उभे राहिले, १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली, आणि २०२२ साली महाबळेश्वरजवळचे मांघर ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

आग्या मात्र पेटीत राहत नाही. तिचे एकच मोठे पोळे उघड्यावर लटकते आणि फुलोरा सरला की ती स्थलांतर करते. म्हणून लँगस्ट्रॉथ यांची पेटी आमच्या मनोऱ्यावर कामाची नव्हती, त्यांनी राखलेली मोकळी वाट मात्र कामाची होती. गेल्या वर्षी पुन्हा मोहोळ लागले, तेव्हा आम्ही बैठक घेतली. वाद झाला. लहान मुलांना माश्या चावल्या तर जबाबदार कोण, हा प्रश्न रास्तच होता. शेवटी मनोऱ्याकडचे दार बंद केले, दोरी बांधली, मिरवणूक दुसऱ्या बाजूने नेली, आणि त्या बाजूला धूर, फटाके व रात्रीचे झगझगीत दिवे होऊ दिले नाहीत. ईस्टर निर्विघ्न पार पडला. पावसाआधी एके दिवशी पाहिले तर माश्या निघून गेल्या होत्या. रिकामे पोळे उतरवले. त्यातून मूठभर मेण निघाले.

ते आम्ही वितळवून एक छोटी मेणबत्ती केली आहे. थोडी वाकडी झाली आहे, पण येत्या जागरण विधीत ती वेदीजवळ लागेल.

हे प्रभू, तुझ्या लहानग्या कामकऱ्यांची घरे आम्ही निष्काळजीपणे मोडली, त्याची आम्हाला क्षमा कर. जे घेऊ ते घर राखून घेण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.