उसाची मोटार आणि डिझेलचा मालट्रक : ब्राझीलचा एक हिशेब

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता सामावलेली असते. एक लिटर इथेनॉलमध्ये अवघी २१. ब्राझीलच्या ‘प्रोआल्कोल’ योजनेची कथा सहसा राष्ट्राभिमानाने सुरू होते. माझ्या मते ती या दोन आकड्यांपासून सुरू करावी.

१९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी ब्राझील आपल्या गरजेचे सुमारे ८० टक्के तेल आयात करीत होता. पुढे १९७४ नंतर साखरेचे जागतिक भाव कोसळले. लष्करी राजवटीचे अध्यक्ष एर्नेस्तो गायझेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये काढलेल्या हुकुमाने तेलाचे देणे आणि कारखानदारांची साखर, या दोन्हींची सोय एकदमच पाहिली. (यात कारखानदारांचे पारडे जड होते, असे मला वाटते.)

साओ जोसे दोस काम्पोस येथील वैमानिकी संशोधन केंद्रात उर्बानो श्टुम्फ हे अभियंते अल्कोहोलवर चालणाऱ्या इंजिनावर काम करीत होते. इथेनॉल दाबाखाली अवेळी पेट घेत नाही. त्यामुळे ठिणगीच्या इंजिनातील दाबाचे प्रमाण वाढवता येते आणि उष्णतेतली तूट थोडी भरून निघते. म्हणूनच पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉल सुमारे ७० टक्के अंतर तोडते. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच ते परवडते, हा ब्राझिली ग्राहकाचा आजचा आडाखा याच हिशेबातून आला आहे.

डिझेलशी गाठ पडली की मात्र हाच गुण आड येतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटावे लागते, आणि इथेनॉल पेटायला राजी नसते. म्हणून ते ठिणगीच्या इंजिनातच जाळावे लागले, आणि तिथे तोटा दुहेरी झाला: लिटरमागे उष्णता कमी, आणि त्या उष्णतेतून मिळणारे कामही कमी. अंतर जवळपास निम्म्यावर येते. पुढे स्वीडनमध्ये स्कानिया कंपनीने बसच्या इंजिनातील दाबाचे प्रमाण २८ पर्यंत नेले आणि इथेनॉलमध्ये ज्वलनास मदत करणारे द्रव्य मिसळले, तेव्हा दुसरा तोटा बहुतांशी संपला. पहिला कसा संपणार? त्या बसना डिझेलच्या दीडपटीहून अधिक लिटर लागतच राहिले.

ब्राझीलमध्ये ही तुलना ग्राहकापुढे आलीच नाही. १९७६ मध्ये सरकारने डिझेलवर चालणाऱ्या खासगी मोटारींच्या विक्रीवर बंदी घातली. डिझेल राखले ते मालट्रक, बस आणि ट्रॅक्टरसाठी. १९७९ मध्ये इथेनॉलवरची फियाट १४७ आली. थंडीत ती सुरू व्हावी म्हणून तिच्यात पेट्रोलची छोटी टाकी होती. लोकांनी तिला उसाच्या दारूवरून ‘काशासिन्या’ असे लाडके नाव दिले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर दहांतील नऊ नव्या मोटारी इथेनॉलच्या होत्या.

पण ऊस वाहणारा ट्रक डिझेलवरच धावत होता. तेलाच्या पिंपातून पेट्रोल आणि डिझेल दोन्ही निघतात. डिझेलची मागणी घटली नाही, तेव्हा कच्चे तेल शुद्ध करावेच लागले आणि उरलेले पेट्रोल परदेशी विकावे लागले. १९८६ मध्ये तेल स्वस्त झाले, नंतर साखर महागली. १९८९-९० मध्ये इथेनॉलचे पंप कोरडे पडले आणि त्या मोटारींचे मालक रांगांत उभे राहिले. त्यांच्या इंजिनाला दुसरे इंधन चालत नव्हते.

आपल्याकडे २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले. कारखान्यावर ऊस आणणारे ट्रॅक्टर तेव्हाही डिझेलवर चालत होते, आजही चालतात.