पांथस्थाचें पारपत्र

परदेशीं हॉटेलांत उतरतांना मेजापलीकडील गृहस्थ प्रथम जी वस्तु मागतो ती भाडें नव्हे, पासपोर्ट. तो हातीं पडतांच कित्येक ठिकाणीं मागल्या खणांत नाहींसा होतो आणि "सकाळीं घेऊन जा" एवढेंच उत्तर मिळतें. इटलींतील एका लहानशा शहरीं माझा पासपोर्ट असाच एक रात्र खणांत राहिला. परक्या मुलुखांत मी कोण हें ज्या छत्तीस पानांवरून ठरावयाचें तीं पानें खालीं आणि मी वर; झोंप कशी ती लागली नाहीं. पैशाचें पाकीट हरवलें तर उसनवारी करतां येते. हें पुस्तक हरवलें तर आपण आपणच आहों हें सिद्ध करण्यासाठीं वकिलातीचे उंबरठे झिजवावे लागतात. ही कटकट अर्वाचीन युरोपानें निर्माण केली अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं.

आपल्याकडेच पाहा. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नगराच्या अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. धर्मशाळेच्या चालकानें पाखंडी पांथस्थ आला तर आधीं वर्दी द्यावी व मग जागा द्यावी. तपस्वी व श्रोत्रिय यांना स्वतःची खात्री करून घेऊन उतरवावें. कारागिरानें आपल्या धंद्याच्या माणसांस, दारू विकणारानें, शिजलेलें अन्न विकणारानें व गणिकेनें केवळ ओळखीच्या माणसांस ठेवून घ्यावें. कोणी बेसुमार खर्च करूं लागला तर तेंहि कळवावें. सामान्य गृहस्थालासुद्धां घरीं आल्या-गेल्याची खबर देणें भाग होतें. न दिली तर त्या रात्रीं घडलेल्या अपराधाचा दोष त्याच्या माथीं. आणि रात्र सुखरूप गेली तरी तीन पण दंड आहेच! हा शेवटचा नियम मला फार बोलका वाटतो. कांहीं घडो वा न घडो, शासनाला न सांगतां परक्यास आसरा देणें हाच अपराध. अतिथीला देव मानावें हा उपदेश ज्या भूमींत झाला त्याच भूमींत ह्या देवाची वर्दी चौकीवर देण्याचीहि व्यवस्था झाली होती. शिवाय प्रवासाची मुद्रा निराळी. ती एक माषक देऊन घ्यावयाची, आणि तिच्यावांचून सांपडल्यास बारा पण दंड.

पुढें मार्को पोलोनें चीनमधील किन्साय, म्हणजे आजचें हांगचौ, येथील खाणावळवाले उतारूंचीं नांवें व जाण्यायेण्याचे दिवस लिहून ठेवीत असें वर्णन केलें आहे. अकबराच्या कोतवालानें अनोळखी माणसांस वेगळ्या सराईंत उतरवावें, असें आईने अकबरींत आहे.

ह्या कल्पनेला कायद्याचें रेखीव रूप दिलें तें मात्र फ्रान्सनें. राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमींत, जुलै १७९१ मध्यें, तेथें असा कायदा झाला कीं, खाणावळवाल्यानें वहींत कोरी जागा न सोडतां उतारूचें नांव, दर्जा, राहण्याचें ठिकाण व येण्याजाण्याच्या तारखा लिहाव्या. स्वातंत्र्याची घोषणा देणाऱ्यांनीं हें करावें याचें नवल वाटतें; पण नव्या सत्तेला परक्याची भीति जुन्या सत्तेहून अधिकच असते. नेपोलियनच्या १८१० च्या दंडसंहितेनें आणखी एक पाऊल टाकलें. वहींत न नोंदलेल्या माणसास चोवीस तासांहून अधिक ठेवून घेतलें आणि त्यानें त्या अवधींत गुन्हा केला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी खाणावळवाल्यावर. हा कौटिल्याच्या नियमाचा सख्खा भाऊच म्हणावयाचा. दोघांनाहि सराईवाला हा बिनपगारी शिपाई हवा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील बऱ्याच देशांनीं पासपोर्टाचा जाच सैल केला. १९१४ च्या महायुद्धानें तो परत आणला. १९२० सालीं पॅरिसच्या परिषदेनें पुस्तकाचा एकसारखा नमुना व बत्तीस पानें ठरवून दिलीं. मुसोलिनीच्या राजवटींत १९३१ सालीं झालेल्या पोलीस कायद्याच्या १०९ व्या कलमानें ओळखपत्रावांचून कोणालाहि ठेवून घेण्यास हॉटेलवाल्यांना मनाई केली. मुसोलिनी गेला, तें कलम फेरफार होऊन अजून आहे. माझा पासपोर्ट खणांत गेला तो त्याच्याच जोरावर.

कागदाचा हा खेळ कोणत्या थराला जाऊं शकतो तें १९४० च्या सप्टेंबरअखेर स्पेनच्या सरहद्दीवरील पोर्तबू गांवीं दिसलें. जर्मनीनें नागरिकत्व काढून घेतलेला यहुदी लेखक वाल्टर बेंयामिन डोंगर ओलांडून तेथें आला. स्पेनमधून पार जाण्याचा परवाना त्याच्याजवळ होता, पण फ्रान्स सोडण्याचा नव्हता. दुसऱ्या दिवशीं परत धाडूं, असें सांगून अधिकाऱ्यांनीं त्याला रात्रीपुरतें गांवच्या हॉटेलांत राहूं दिलें. तेथेंच तो मरण पावला. त्यानें मॉर्फिन घेऊन स्वतःच जीवन संपविलें असें सामान्यतः मानतात. त्याच्या सोबत्यांना पुढें जाऊं देण्यांत आलें.

आतां प्रश्न असा कीं, पासपोर्ट ठेवून घेण्याचा अधिकार हॉटेलवाल्यास दिला कोणीं? १९९० च्या शेंगेन कराराचें ४५ वें कलम पाहावें. परदेशी पाहुण्यानें नोंदीचा कागद स्वतः भरून सही करावी व ओळखीचा दस्तऐवज दाखवावा, एवढेंच त्यांत आहे. दाखवावा, द्यावा नव्हे. रात्रभर ठेवून घेणें ही कारकुनाची सोय. गर्दी ओसरल्यावर तो फुरसतीनें मजकूर उतरवून घेतो, आणि बिल न देतां कोणी पळून जाणार नाहीं हाहि त्यांत आडून साधलेला लाभ. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें तर पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. जी वस्तु माझी नाहीं ती मी तारण कशी ठेवणार? मेजापाशीं उभें राहून "नोंद करून घ्या, मी थांबतों" एवढें सौम्यपणें म्हटलें तर बहुधा काम भागतें. मला हें उशिरा सुचलें.

अर्थात् आपण कोणाला नांवें ठेवावीं असें नाहीं. १९३९ च्या परकीय नोंदणी कायद्याखालच्या नियमांनीं आपल्या येथील हॉटेलवाल्यांवर सी फॉर्म चोवीस तासांत पोंचविण्याचें ओझें घातलें, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो कायदा रद्द होऊन नवा आला तरी परकीय पाहुण्याची वर्दी देणें सुटलेलें नाहीं. त्याच वर्षीं १ जानेवारीपासून जर्मनीनें हॉटेलांतील नोंदीचा कागद रद्द केला, मात्र स्वदेशीयांपुरताच. परक्यांसाठीं तो तसाच आहे.