गजकर्ण

गजकर्ण : (नायटा). त्वचेचा वरचा थर, केस व नखे यांतील केराटीन या प्रथिनावर जगणाऱ्या बुरशीमुळे होणारा सांसर्गिक त्वचाविकार. कडेने लालसर, उंचवटलेला, खवलेदार आणि मध्ये बराचसा निवळलेला गोल चट्टा ही त्याची ओळख. खाज तीव्र असते व घाम आला की वाढते. जांघ, कंबर, काख, स्तनांखालची घडी, मांड्या व ढुंगण या जागी तो अधिक आढळतो. बायकांमध्ये परकराची नाडी जिथे आवळते तिथे कमरेभोवती त्याचा पट्टाच तयार होतो. बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे अंगस्पर्शाने, टॉवेलाने, अंथरुणाने व कपड्यांनी जाते, जनावरांपासूनही येते.

बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी या सीमापट्ट्यात त्याला पोषक अशा बऱ्याच गोष्टी आहेत. खानापूरकडे पावसाळाभर अंग आणि कपडे वाळत नाहीत. भातलावणीत दिवस चिखलात जातो. पायाच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांपैकी काही याच बुरशीच्या असतात. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या फडात आणि तंबाखूच्या वखारीत घामाने भिजलेले लुगडे दिवसभर अंगावर राहते. तंबाखूच्या धुळीनेही कातडी चुरचुरते, पण ते इसब असू शकते आणि त्याचे औषध वेगळे. गावोगावी घट्ट जीन्स व नायलॉन मिसळलेले कपडे रोजच्या वापरात आल्याने तरुणांच्या जांघेतले गजकर्णही वाढले आहे.

जुन्या उपायांत टाकळा पहिला. पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या या झाडाचा कोवळा पाला भाजीला घेतात आणि बी वाटून गजकर्णाला लावतात. आयुर्वेदात त्याचे दद्रुघ्न हे नाव यावरूनच आहे. टाकळ्याच्या बियांतील काही द्रव्ये बुरशीला रोखतात हे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र आजच्या हट्टी गजकर्णाला ती पुरत नाहीत. शेजारच्या गोव्याचे नाव तर एका औषधालाच लागले. ब्राझीलमधील बाहिया भागातल्या एका झाडाच्या खोडातून मिळणारी पिवळी भुकटी पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यात आली, गजकर्णावर वापरली गेली आणि ‘गोवा पावडर’ म्हणून इंग्लंडच्या औषधी पेढ्यांपर्यंत पोचली. लंडनमध्ये बाल्मॅनो स्क्वायर या डॉक्टरांनी १८७६ च्या सुमारास ती सोरायसिसवर गुणकारी असल्याचे दाखवले. तिच्यातील द्रव्याच्या धर्तीवर १९१६ मध्ये जर्मनीत डिथ्रेनॉल तयार झाले आणि ते सोरायसिससाठी आजही वापरात आहे. कपडे डागाळणारी व कातडी जाळणारी मूळ भुकटी मागे पडली. गजकर्णासाठी बेंझॉइक व सॅलिसिलिक आम्लांचे व्हाइटफील्ड मलम आले, १९५८ पासून पोटात घेण्याची ग्रिसिओफल्विन ही गोळी, मग क्लोट्रिमाझोलसारखी मलमे, इट्राकोनाझोल आणि टर्बिनाफिन. लसूण किंवा चुना लावण्याचा उपाय मात्र घातक आहे. त्याने कातडी भाजते आणि चट्टा अधिकच चिघळतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या साध्या रोगाचे रूप पालटले. चट्टे अंगभर पसरतात, घरातल्या सगळ्यांना होतात, बरे झाल्यासारखे वाटून परत येतात. भारतात आज आढळणारी प्रमुख बुरशी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हिला २०२० मध्ये स्वतंत्र नाव मिळाले. तिचे अनेक प्रकार टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. २०२३ मध्ये ती अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या रुग्णांतही नोंदली गेली.

औषध दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांनी या दुखण्यात मोठी भर घातली आहे. एकाच ट्यूबमध्ये बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते आणि लाली ओसरते, म्हणून रुग्णाला औषध लागू पडल्याची खात्री वाटते. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी मोकळी वाढते. ट्यूब बंद केली की आग आणि खाज दुपटीने उसळते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. महिनोन्‌महिने हे चालले की जांघेत व काखेत कातडी पातळ होऊन रुंद व्रण उमटतात आणि ते कायम राहतात. चेहऱ्याला गोरेपणासाठी हीच मलमे लावणाऱ्या मुलींच्या गालांवर लाल शिरा, मुरमे व केस येतात. बारीक अक्षरातले इंग्रजी माहितीपत्रक मराठी किंवा कानडी वाचणाऱ्या घरात कोणाच्या उपयोगाचे नसते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्टेरॉइड मलमांच्या अशा वापराविरुद्ध मोहीम चालवली. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीच्या औषधांत घातली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आणली. तीत अशी काही मलमेही होती. नियम कडक झाले, तरी ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढ्यावर ती अजूनही मिळते. हे थांबलेच पाहिजे.

योग्य उपचार लांबतो, हे रुग्णाला आधीच सांगावे लागते. निदान शंकास्पद असल्यास खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही स्वस्त आणि झटपट तपासणी आहे. चट्टा लहान असेल तर ल्युलिकोनाझोल किंवा क्लोट्रिमाझोलसारखे केवळ बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत लावतात आणि तो दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवतात. मोठ्या व जुन्या चट्ट्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या लागतात. इट्राकोनाझोलचे कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यावे, आम्लपित्ताच्या गोळ्यांबरोबर घेऊ नये; हृदयाची ताकद कमी झालेल्यांना ते सहसा देत नाहीत. यकृताचा आजार व गर्भारपण डॉक्टरांना आधी सांगावे. मुलांच्या डोक्यातील गजकर्ण नुसत्या मलमाने जात नाही. घरात ज्यांना चट्टे आहेत त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. टॉवेल वेगळे ठेवून कपडे गरम पाण्यात धुवावेत व उन्हात उलटे वाळवावेत.

गजकर्णासारखे दिसणारे इतर विकार ओळखणे महत्त्वाचे. खरूज रात्री खाजते, बोटांच्या बेचक्यांत असते. तिला परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. गाजर गवताची ॲलर्जी उघड्या भागावर, विशेषतः पापण्या, मान व कोपरांच्या खळीत येते. तिथे डॉक्टर स्टेरॉइड देतात आणि ते योग्यच असते. छातीपाठीवरचे फिकट शिबे वेगळ्या बुरशीचे. फिकट किंवा तांबूस चट्ट्यावर खाज नसेल, स्पर्श वा गरम-गार कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. त्याची बहुऔषधी गोळ्यांची पाकिटे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत तो पूर्ण बरा होतो. सीमाभागातील रुग्णाला तपासणीसाठी बेळगावचे जिल्हा रुग्णालय किंवा केएलई रुग्णालय आणि निपाणीकरांना कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय जवळ पडते.