मिस्सा : निरोपाचा शब्द

नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातील गाव. येथे सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक आहे आणि मुंबई-आग्रा रस्ताही येथूनच जातो. त्यामुळे माल पाठविणे आणि माणसांना निरोप देणे हे येथे रोजचेच. मालमोटारीचे ‘परमिट’, दलालाचे ‘कमिशन’, मुलांची ‘अ‍ॅडमिशन’ हे शब्द सर्वांच्या तोंडी असतात. रविवारची आपली ‘मिस्सा’ही याच कुळातील आहे, हे मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

या कुळाचे मूळ लॅटिन ‘मित्तेरे’, म्हणजे पाठविणे किंवा सोडणे. इंग्रजीत ते ‘मिट्’ आणि ‘मिस्’ अशा दोन रूपांनी उतरले. ‘पर’ म्हणजे मधून. म्हणून परमिट म्हणजे पलीकडे जाऊ देणे. ‘प्रो’ म्हणजे पुढे. म्हणून प्रॉमिस म्हणजे पुढे टाकलेला शब्द. फेकले जाणारे मिसाईलही याच घरचे. ‘मिस्टेक’मधील ‘मिस्’ मात्र जर्मानिक उगमाचा. त्याचे यांच्याशी नाते नाही.

लॅटिन उपासनेच्या अखेरीस ‘ईते, मिस्सा एस्त’ असे म्हटले जाते. जा, निरोप दिला आहे, हा त्याचा साधा अर्थ. चौथ्या शतकात संत आंब्रोज यांच्या पत्रात ‘मिस्सा’ हा शब्द उपासनेसाठी आलेला दिसतो. अशा रीतीने अखेरच्या शब्दाने संपूर्ण विधीला नाव दिले. पोर्तुगिजांच्या मुखातून ते आपल्याकडे आले.

‘मिशन’ हा त्याचाच भाऊ. १५४० साली मान्यता मिळालेल्या येशूसंघाने धर्मकार्यासाठी पाठविणे या अर्थाने तो रूढ केला. १५४२ साली संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले ते असेच पाठविलेले. पुढे आपल्याकडे ‘मिशन’ म्हणजे शाळा, दवाखाना आणि भोवतीचे कुंपण असा अर्थ झाला. चालणारा शब्द आवारात थांबला.

मराठीने मात्र मूळ अर्थ जपला आहे. ‘प्रेषित’ म्हणजे पाठविलेला. ‘निरोप’ आपण घेतो आणि निरोप आपण सांगतोही. लॅटिन धातूतूनही निरोपाची ‘मिस्सा’ आणि संदेशाचा ‘मेसेज’ असे दोन्ही शब्द निघाले. तेव्हा गाडीच्या घाईने अखेरच्या आशीर्वादाआधीच मंदिराबाहेर पडणारा निरोप घेतो खरा. परंतु सांगावयाचा निरोप तो आतच विसरून येतो.