शेक किती घ्यायचे? : एका प्रश्नाचा इतिहास

२००१ साली माझ्या मावशीची गर्भाशयाची पिशवी काढली. "गाठ लवकर सापडली, सगळी निघाली," असे डॉक्टर म्हणाले आणि लगेच पंचवीस शेक घ्यायला सांगितले. साताऱ्याची मावशी पाच आठवडे दादरला नातेवाइकांकडे राहिली. मी इथून शारजातून रोज फोन करायचे. तिचे एकच पालुपद, "गाठ निघाली ना? मग शेक कशाला?" काही वर्षांपूर्वी इथल्या एका मैत्रिणीला तोच आजार झाला, तोही लवकरच्या टप्प्यात. तिला फक्त तीन शेक मिळाले. पंचवीसचे तीन कसे झाले, या कुतूहलातून हा लेख झाला.

आधी एक खुलासा. आपल्याकडे 'पिशवीचा कॅन्सर' म्हणून दोन वेगळे आजार ओळखले जातात. एक गर्भाशयाच्या मुखाचा, दुसरा गर्भाशयाच्या अस्तराचा. ही गोष्ट दुसऱ्याची. तो बहुधा पाळी गेल्यानंतर होतो आणि पुन्हा अंगावर जाऊ लागल्यामुळे बऱ्याचदा लवकर लक्षात येतो.

मादाम क्यूरी आणि त्यांच्या पतीने १८९८ साली रेडियम शोधले. पुढे स्टॉकहोमच्या डॉ. हेमान यांनी गर्भाशयात रेडियमच्या लहान लहान कुप्या भरून उपचार करण्याची पद्धत बसवली. नंतर शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्या, तरी रेडियमवरचा विश्वास राहिलाच. शस्त्रक्रियेच्या जोडीला किरणोपचार हवेतच, असा प्रघात पडला.

आपल्याकडे लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्यावर परदेशात झालेल्या उपचारांसारखी सोय मायदेशात व्हावी, या टाटा कुटुंबाच्या ध्यासातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे आले. किरणोपचारांत अणुशक्तीचे मोल काय, हे डॉ. होमी भाभांनी ओळखले होते. आपण राहतो तो देश १९७१ साली जन्मला आणि १९७९ साली अल ऐनला तवाम हॉस्पिटल सुरू झाले. अनेक वर्षे इथल्या कर्करुग्णांचा मोठा आधार तेच होते. दुबई-अबू धाबीत सोयी वाढल्या त्या नंतर.

यंत्रे आली, पण मावशीचा प्रश्न शिल्लकच होता. त्याचे उत्तर शोधायला स्त्रियांचे दोन गट करून, वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. नॉर्वेत ५४० स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर आतून रेडियम दिले आणि निम्म्यांना बाहेरूनही शेक दिले. १९८० साली निष्कर्ष आला : बाहेरच्या शेकाने ओटीपोटात रोग परतण्याचे प्रमाण घटले, पण आयुष्य वाढले नाही. नेदरलँड्समध्ये ७१४ स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. शेक न घेतलेल्यांपैकी १४ टक्के स्त्रियांत पाच वर्षांत ओटीपोटात किंवा योनिमार्गात रोग परतला, घेतलेल्यांत ४ टक्के. जगण्याच्या प्रमाणात मात्र लाभ दिसला नाही. परतलेला रोग बहुतेक वेळा योनिमार्गातच होता.

मग साऱ्या ओटीपोटाला शेक कशाला? तेवढ्याच जागी आतून दिला तर? ४२७ स्त्रियांच्या पुढच्या अभ्यासाने २०१० साली याचे उत्तर दिले. बाहेरून २३ वेळा किंवा आतून साधारण तीन वेळा, योनिमार्गात रोग परतण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच. आतड्यांचा त्रास मात्र आतल्या शेकात खूपच कमी. माझ्या मैत्रिणीचे तीन शेक आले ते इथून.

केमोथेरपीचीही अशीच परीक्षा झाली. लवकरच्या टप्प्यातल्या, पण धोका अधिक असलेल्या ६०१ स्त्रियांचा अमेरिकी अभ्यास २०१९ साली छापून आला. आतला शेक आणि केमो ही जोडी नुसत्या बाहेरच्या शेकापेक्षा सरस ठरली नाही. मात्र रोग पुढे गेला असेल किंवा पेशी उग्र जातीच्या असतील, तर शेकासोबत केमो दिल्याने आयुष्य वाढते, असे २०१९ सालीच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. २०१३ साली गाठीच्या जनुकांवरून या रोगाचे चार गट ओळखले गेले होते. २०२३ च्या नव्या वर्गीकरणात त्या माहितीलाही जागा मिळाली. त्यामुळे काहींना आता शस्त्रक्रियेनंतर काहीच लागत नाही आणि काहींना सगळेच लागते.

मावशीचे पंचवीस शेक चुकीचे नव्हते. त्या वेळचे ज्ञान तेवढे होते. आपल्यासारख्यांना मात्र हा फरक नीट कळायला हवा. रजा, विमा, व्हिसा, मुलांच्या परीक्षा पाहून "गावीच जाऊ" किंवा "इथेच करू" ठरवण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावे : टप्पा कोणता, पेशी कोणत्या जातीच्या, जनुक तपासणी झाली का, शेक आतून की बाहेरून? शेजारणीला तीन मिळाले म्हणून आपल्यालाही तीनच, असे नसते.

आणि एक विनंती. पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी "भारतात गेल्यावर बघू" म्हणू नका. मावशी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेली होती. आज ती ८१ वर्षांची आहे आणि अजून मला विचारते, "शेक कशाला होते गं?" मावशी, हा लेख तुझ्यासाठी.