मृत्युपत्राचा व्यवस्थापक (एक्झिक्युटर)

मृत्युपत्रातली इच्छा अमलात आणण्यासाठी मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतः नेमलेली व्यक्ती. तिची कर्तव्ये मुख्यतः भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्ये सांगितली आहेत. मृताची मालमत्ता कायद्याने व्यवस्थापकाकडे येते, पण ती त्याच्या मालकीची होत नाही. देणी फेडून उरलेले ज्याचे त्याला पोचवायचे, एवढ्यासाठीच ती त्याच्या हाती असते.

पहिले काम जमवाजमवीचे. मालमत्तेत पुरेसा पैसा असेल तर मृताच्या इतमामाला साजेशा अंत्यविधीचा खर्च त्यातून करावा लागतो. मग बँकेतल्या ठेवी, शेअर, घर, दागिने, लोकांकडून येणे असलेली रक्कम, सगळे वाजवी तत्परतेने ताब्यात घ्यायचे. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची व कर्जांची पूर्ण यादी आणि वर्षाच्या आत हिशेब न्यायालयात सादर करावा लागतो. जाणूनबुजून खोटी यादी देणे हा फौजदारी गुन्हा आहे.

इथे घरोघरी एक गैरसमज आडवा येतो: नॉमिनी म्हणजेच मालक. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नामनिर्देशनामुळे शेअरची मालकी मिळत नाही, ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते, असा निर्णय डिसेंबर 2023 मध्ये झाला. त्यामुळे नॉमिनीच्या नावावर गेलेली रक्कमही व्यवस्थापकाला हिशेबात धरावी लागते.

देणी फेडण्याचा क्रम हा या कायद्याचा सर्वांत माणुसकीचा भाग म्हणावा लागेल. आधी अंत्यविधीचा व अखेरच्या आजारपणाचा खर्च, त्यात डॉक्टरांचे पैसे आणि शेवटच्या महिन्याचा राहण्या-जेवणाचा खर्चही येतो. नंतर प्रोबेटचा आणि व्यवस्थापनासाठी लागलेल्या न्यायालयीन कामाचा खर्च. त्यापाठोपाठ मजूर, कारागीर आणि घरगड्यांची, म्हणजे घरी स्वयंपाक-धुणीभांडी करणाऱ्या बाईचीही, मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली थकलेली मजुरी. इतर धनको या सर्वांच्या मागे आणि लाभार्थी त्यांच्याही मागे. पैसा अपुरा असेल तर इतर धनकोंना प्रमाणशीर वाटून द्यायचे, ओळखीच्या सावकाराला आधी नाही. व्यवस्थापकाचे स्वतःचे येणे असले तरी त्याला पुढचा नंबर मिळत नाही.

लाभार्थींना वाटा देण्यासाठी मृत्यूपासून एक वर्षाची मुदत असते. मृत्युपत्रात लवकर द्यायला सांगितले असले, तरी त्याआधी देण्याची सक्ती व्यवस्थापकावर करता येत नाही.

मजकुराचा अर्थ लागत नसेल तर स्वतःच्या मनाने वाटप करू नये, न्यायालयाला विचारावे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी निधन पावलेल्या रतन टाटांच्या व्यवस्थापकांनी नेमके हेच केले. पुरवणी मृत्युपत्रातल्या तरतुदीचा अर्थ विचारायला ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. मृत्युपत्रात स्वतंत्र उल्लेख नसलेले शेअर रतन टाटा एंडोमेंट फाउंडेशन आणि रतन टाटा एंडोमेंट ट्रस्ट यांना समसमान जातील, असे न्यायालयाने जून 2025 मध्ये स्पष्ट केले.

मुंबई, कोलकाता आणि चेन्नईशी संबंधित हिंदू, पारशी आदींच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती होती. ती लादणारे कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये रद्द केले. वाद असेल तिथे प्रोबेट घेण्याचा मार्ग अजूनही खुला आहे आणि तो शहाणपणाचाही आहे. गोव्यात मात्र 2012 चा स्वतंत्र वारसा कायदा लागू असून, मुले असलेल्या व्यक्तीला आपल्या वाट्याच्या निम्म्याच मालमत्तेचे मृत्युपत्र करता येते.

मालमत्ता चुकीच्या कामी वापरली किंवा हलगर्जीपणाने येणे बुडवले, तर व्यवस्थापकाला ते नुकसान भरून द्यावे लागते. उच्च न्यायालय त्याला पदावरून दूरही करू शकते. ही जबाबदारी कोणी नाकारू शकतो, पण रीतसर नाकारली की पुन्हा व्यवस्थापक म्हणून प्रोबेट मागता येत नाही. म्हणून मृत्युपत्रात कोणाचेही नाव घालण्याआधी त्या माणसाला विचारावे आणि कागदपत्रे कुठे ठेवली आहेत, तेही त्याला सांगून ठेवावे.